टीबी निघू दे, देवा

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी मोठ्या आजारातून उठलं की त्यानं रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, अशी रीत आहे. काय झालं होतं, देवानं कसं सोडवलं, ते थोडक्यात सांगायचं. लोक आमेन म्हणतात आणि मग चहा होतो. माझं औषध संपून आता काही आठवडे झाले. मानेवर कॉलरखाली एक व्रण राहिलाय, उतरलेलं वजन भरून आलंय, आणि साक्ष मी अजून दिलेली नाही. देणारही नाही बहुतेक. पाळकसाहेब म्हणाले, "तोंडानं नाही तर लिहून तरी द्या, विलासभाऊ. कुणाच्या तरी कामी येईल." म्हणून हे लिहितोय.

मी शहरातल्या छावणी भागात राहतो आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. आमच्याकडं प्रत्येक मालाला लेबल लागतं. हिरवं म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार, आणि पिवळं म्हणजे होल्ड, अजून ठरलेलं नाही. पिवळं लेबल कुणालाच आवडत नाही. प्रॉडक्शनवाले येऊन डोक्यावर बसतात, काय ते एकदाचं सांगा म्हणतात. मी इतकी वर्षं त्यांना शांतपणे सांगत आलो, घाई करू नका. हे सांगणं मला फार सोपं वाटायचं.

गाठ

गाठ सापडली ती न्हाव्याला. मानेवरचे केस साफ करताना त्याचा हात थांबला.

"साहेब, इथं काय हाय हो? वस्तरा अडकून राहिला."

मी हात लावून पाहिला. कानाच्या खाली, मानेच्या कडेला, कातडीखाली काहीतरी होतं. दुखत नव्हतं. न्हावी म्हणाला, उष्णतेनं होतं कधीकधी. मीही तेच म्हणालो आणि घरी आलो. रत्नाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं नाही. तिनं रात्री जेवताना स्वतःच विचारलं, "सारखा मानेला काय हात लावताय?"

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गाठ तशीच. मग संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला आणि पँट कमरेत ढिली झाली. नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मान चाचपली, काख चाचपली, आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघा, यात मुख्यतः दोन शक्यता असतात. एक टीबी. दुसरी गाठींचा कॅन्सर. टीबी निघाला तर आपण सुटलो. गोळ्यांनी बरा होतो."

रत्ना माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग टीबीच असेल."

"तपासून बघू," बाई म्हणाल्या.

जिना उतरताना रत्नानं कठडा धरला होता. ती एरवी धरत नाही. खाली आल्यावर तिनं उसाचा रस मागवला आणि दोन्ही ग्लास तिनंच प्यायले, कारण मला काही जाईना.

व्हर्नियर

निदान होत नाही त्या दिवसांत माणूस काय करतो, हे मी इथं खरंखरं सांगतो, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी गाठ मोजायला लागलो. माझ्याकडं जाडी मोजायचा एक जुना व्हर्नियर आहे, कारखान्यातून नव्हे, स्वतः विकत घेतलेला. आरशासमोर उभा राहून सकाळी एक माप, संध्याकाळी एक माप. कधी वाढलेलं यायचं, कधी कमी. कमी आलं की मी चहात साखर जास्त घ्यायचो. खरं तर मऊ वस्तूला व्हर्नियर लागत नाही. किती दाबाल तसं माप येतं. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

एका सकाळी व्हर्नियर जागेवर नव्हता. नंतर तो ज्वारीच्या डब्यात निघाला. रत्नानं तो खाली खुपसून ठेवला होता.

भीती वाटत होती. मरणाची भीती अशी समोर येऊन उभी राहत नाही, ती भलत्याच गोष्टीतून येते. मला सारखं वाटायचं, रत्नाला गॅसचा रेग्युलेटर काढता येत नाही. लग्नापासून ते काम माझं. सिलिंडर संपला की ती हाक मारायची. मी एक दिवस तिला ओट्याखाली बसवलं आणि म्हणालो, "हे बघ, ही कड वर उचलायची आणि..."

"मला नका शिकवू."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"मला शिकायचं नाही म्हणते ना," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आमची मुलगी प्रीती पुण्यात असते. तिचा फोन आला तेव्हा दोघांनीही तिला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, वेगवेगळ्या खोल्यांतून.

प्रार्थना

गुरुवारी आमच्या घरी प्रार्थनासभा ठेवली. सतरंजी टाकली, महिला मंडळ आलं, पाळकसाहेब आले. विनंती काय ते रत्नानं सांगितलं. मग एकेकानं प्रार्थना करायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की सगळी मंडळी डोळे मिटून, मनापासून, एकच मागतायत: टीबी निघू दे, देवा. प्रभू, तुला अशक्य काहीच नाही, आमच्या भावाला टीबीच असू दे.

एरवी आमच्यात कुणाला टीबी झाला तर तो सांगत नाही. छातीत कफ आहे म्हणतो. इथं पंधरा-वीस माणसं मोठ्यानं तोच मागत होती. मला हसू आवरेना. मान खाली होती म्हणून खपून गेलं.

रूथआजी मात्र आमेन म्हणाल्या नाहीत. त्या महिला मंडळात सगळ्यांत जुन्या, भिंतीला टेकून बसतात. प्रार्थना संपल्यावर चहा घेताना मला म्हणाल्या, "आजार मागायचा नस्तोय, बाबा. बरं वाटणं मागायचं. कुठल्या वाटंनं आणायचं ते त्याला कळतंय."

"पण आजी, डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर देवाला नाय बोलल्या, तुला बोलल्या."

मी स्वतः काय मागितलं? मला ठरवताच येईना. टीबी मागायला जीभ वळत नव्हती, आणि दुसरं नाव घ्यायची हिंमत नव्हती. शेवटी मी एवढंच मागायचो की रिपोर्ट लवकर येऊ दे. नेमकं तेवढंच मिळालं नाही.

घाईची उपकारस्तुती

गाठीत सुई घालून नमुना घेतला होता. त्याचा कागद शनिवारी रत्नाच्या हातात पडला. डॉक्टरबाईंची भेट सोमवारची. प्रीतीला एव्हाना सगळं सांगून झालं होतं, म्हणून रत्नानं कागदाचा फोटो तिला पाठवला. प्रीतीनं वाचून फोनवरच ओरडून सांगितलं, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत असं लिहिलंय.

रत्ना खाटेवर बसली आणि रडली. गेल्या महिनाभरात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "सोमवारी दाखवू, मग बघू. नमुन्यात दोष दिसला नाही म्हणजे सगळा माल बरोबर, असं नसतं."

"तुमची कंपनी घरात आणू नका," ती डोळे पुसत म्हणाली.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला उपकार मानायचेत का? रत्ना उठली. "माझ्या मालकांना प्रभूनं मोठ्या संकटातून सोडवलं, कॅन्सर नाही," असं तिनं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी हालेलुया म्हणालं. बाहेर आल्यावर तिनं सगळ्यांना पेढे वाटले. लोक माझा हात धरून हलवत होते. मी सलाम घेत राहिलो आणि पेढा खिशात घातला.

सोमवारी बाईंनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"यात काहीच ठरत नाही. नमुना फार थोडा आलाय. दिसलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. पूर्ण गाठ काढून तपासावी लागेल."

रत्नानं विचारलं, "म्हणजे कॅन्सर असू शकतो?"

"असू शकतो. नसूही शकतो."

रिक्षा घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "आता मी काय करू? मानलेले उपकार परत घेता येतात का?"

हा प्रश्न ती खरोखर विचारत होती. तिला वाटत होतं की जे मिळालंच नाही त्याचे आभार मानून आपण देवासमोर खोटं बोललो, आणि आता त्याची शिक्षा मला होईल. मी कितीही समजावलं तरी तिच्या डोक्यातून ते जाईना. ती पाळकसाहेबांकडं गेली. ते म्हणाले, मी विचार करून सांगतो. भले माणूस आहेत, अजून विचार करतायत.

मग ती रूथआजींकडं गेली. आजी धान्य निवडत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "वाढलेलं ताट उचलत्यात व्हय? राहू दे तसंच. जेवील त्याला जेवायचं तवा."

रत्नाला हे पटलं की नाही, ते तेव्हा कळलं नाही. बाजारात मात्र पंचाईत व्हायची. भाजी घेताना मंडळीतलं कुणीतरी भेटायचं आणि म्हणायचं, "बरे झालात ना! लई बरं वाटलं." मी आधी सगळं समजावून सांगायचो. त्यांचा चेहरा पडायचा, मग मलाच त्यांना धीर द्यावा लागायचा. नंतर मी नुसतं हो म्हणायला लागलो.

वॉर्डात

गाठ काढायला दवाखान्यात दाखल झालो. वॉर्डाचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि त्यात तुमच्या भीतीला जागा नसते. पहाटे ताप बघायला येतात. मग फरशी पुसतात, तेव्हा पाय वर घ्यायचे. मग चादरी. मग डॉक्टरांचा राउंड, तोवर नातेवाईक बाहेर. मला हे सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कुणाच्या तरी कामाच्या रीतीत आपण एक नग होऊन पडून राहतो, काही ठरवावं लागत नाही.

शेजारच्या खाटेवर रऊफभाई होते. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान. पित्ताशयातले खडे काढायचे होते. पहिल्या दिवशी आम्हा दोघांनाही उपाशी ठेवलं आणि दुपारी कळलं की अपघाताच्या केसेस आल्यात, आजचं ऑपरेशन रद्द.

"तुमचा पण नंबर गेला?" रऊफभाईंनी विचारलं. "चला, दोघं मिळून चाय तरी पिऊ. तुमाला काय झालं?"

"मानेत गाठ आहे. टीबी निघाला तर बरं."

ते उठून बसले. "टीबी निघाला तर बरं? अरे, ये कैसी दुआ है, साहब?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडे हसले, मग गंभीर झाले. "हौ, समझा. ठीक है, मैं बी मांगता तुमारे वास्ते. टीबीच मांगना ना? पक्का?"

"पक्का."

"बाद में बोलना नको की गलत मांगा करके."

संध्याकाळी त्यांनी खाटेवर बसूनच नमाज पढली. संपल्यावर माझ्याकडं बघून त्यांनी हातानं खूण केली, झालं तुमचं काम. त्यानंतर मला जी झोप लागली, तशी बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही नंबर लागला नाही. रत्ना चिडली, नर्सशी बोलायला गेली, परत आली. मी छताकडं बघत पडलो होतो. मनात आलं, आपल्याला पिवळं लेबल लागलंय. आणि मग आमच्या कारखान्यातला तो कोपरा आठवला, जिथं होल्डचा माल ठेवतात. जाळी आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडं असते. पास झालेला माल गाडीत चढून निघून जातो. भंगार भंगारवाला नेतो. माझ्याजवळ राहतो तो फक्त पिवळा. त्याच्याकडं रोज जाऊन बघणारा कारखान्यात मी एकटाच. होल्डवरचा माल टाकून दिलाय असं प्रॉडक्शनवाल्यांना वाटतं, पण मी त्याला कधीच टाकलेलं नव्हतं.

एवढंच सुचलं. त्यानं गाठ गेली नाही की रिपोर्ट आला नाही, पण भीतीचा जोर उतरला. देवावर विश्वास म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडं सांगायला इतकंच आहे. मी रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता पडून राहा."

तिसऱ्या दिवशी गाठ निघाली. रऊफभाईंचे खडेही निघाले, त्यांनी ते बाटलीत भरून घेतले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले.

हंगामाचा रविवार

घरी आलो. गाठ तपासायला गेली होती आणि त्यातही इथं नक्की सांगता येईना म्हणून पुढं मुंबईला पाठवली, असं कळलं. अजून थांबा. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर कोपऱ्यात रिकामा सिलिंडर उभा होता. ओट्याखाली भरलेला जोडलेला. मी रत्नाकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती.

"कुणी बदलला?"

"मी."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. करून बघितलं."

पुढं मी काही विचारलं नाही. तिथंच पाटावर बसलो, तव्यावरची भाकरी फुगताना बघत. मला रडू येत होतं आणि तिला ते दिसत होतं. तिनं भाकरी उलटवली आणि मला वाढली.

त्याच आठवड्यात आमचा हंगामाचा सण आला. त्या रविवारी मंडळीतले लोक आपापल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतात. फुलंब्रीकडची माणसं बाजरीची कणसं आणतात, भोपळे आणतात, एखादी कोंबडीही असते. आधी ज्याला जे हाती आलं त्याचे त्यानं उपकार मानायचे, मग त्या सगळ्याचा लिलाव. लिलाव दर वर्षी मी पुकारतो, माझा आवाज मोठा म्हणून. त्या वर्षी मानेला पट्टी होती, त्यामुळं मी रत्नाशेजारी बाकावर बसलो होतो.

लोक एकेक करून उठत होते. कुणाचा कापूस बरा झाला होता, कुणाच्या मुलीला नोकरी लागली होती. पाळकसाहेब आता पुढचं गीत सांगणार एवढ्यात रत्ना उभी राहिली. मला वाटलं, ही आता सगळ्यांसमोर माफी मागणार.

ती म्हणाली, "मागं मी इथं उभं राहून उपकार मानले होते. ते चुकून मानले. मला वाटलं होतं रिपोर्ट चांगला आलाय, तसं नव्हतं."

कोंबडी तेवढी पिशवीत फडफडत होती.

"ते उपकार मी परत घ्यायला निघाले होते. आता नाही घेत. आज परत मानते. अजून रिपोर्ट आलेला नाही. टीबी निघेल का कॅन्सर, मला माहीत नाही. ह्या वेळी माहीत नाही हे माहीत असून मानते."

आणि ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोकांना काय करावं ते समजलं नसावं. फक्त भिंतीकडून रूथआजींचा आवाज आला, "आमेन."

मी रत्नाचा हात धरला. चारचौघांत आम्ही तसं कधी करत नाही. तिचा हात गार पडला होता.

निघाला

रिपोर्ट आला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी, एका साध्या दुपारी. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच हसल्या. "टीबी आहे."

रत्नानं दवाखान्याच्या जिन्यातूनच रूथआजींना फोन लावला आणि जोरात म्हणाली, "आजी, टीबी निघाला! हो, नक्की! टीबीच!" जिना चढणारी एक बाई तोंडावर पदर घेऊन भिंतीला चिकटली. फोनमधून आजींचं उत्तर मलाही ऐकू आलं, "बरं झालं, माय. पण मी नव्हता मागितला हां."

मी रऊफभाईंना कळवलं. ते म्हणाले, "देखो, बराबर मांगा था ना?"

मग गोळ्यांचे महिने. लघवी लाल होते, तोंडाची चव जाते, सकाळी मळमळतं. गोळ्या चुकवायच्या नसतात. हे ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी घाबरू नये, ते निभतं. त्याआधीचं थांबणं अवघड असतं. त्या वेळी व्हर्नियर घरातल्या दुसऱ्या माणसाकडं देऊन टाका.

शेवटची गोळी झाली त्या आठवड्यात मी परत चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "आज आपले विलासभाऊ पूर्ण बरे होऊन आलेत. आता ते आपल्याला साक्ष देतील."

सगळ्या माना वळल्या. मी मनात दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. बाकाला हात टेकून मी उठू लागलो, तेवढ्यात रत्नानं माझा शर्ट खाली ओढला.

"बसा," ती हळूच म्हणाली. "आपलं उपकार मानून झालंय."

मी बसलो.